चित्राबद्दल चुकता येतं का?

साशंक : माझी तक्रार चित्रांबद्दल नाही. चित्रांवर जे लिहिलं-बोललं जातं, त्याबद्दल आहे. वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं एक शीर्षकहीन चित्र डिसेंबर २०१३मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. किमतीवर मला काही म्हणायचं नाही; बाजाराचे हिशेब बाजाराला ठाऊक. पण अशा चित्रांच्या शेजारी जो मजकूर छापून येतो तो वाचून पाहा. मौन काय, अनंत काय, आत्म्याचा प्रवास काय! हाच मजकूर उचलून पलीकडच्या चित्राखाली चिकटवला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. गाण्यात असं चालत नाही. मैफिलीत भूप चालू असताना कुणी ‘शुद्ध कल्याण काय रंगलाय’ म्हणून मान डोलावली, तर शेजारचा हळूच दुरुस्त करतो. आणि दुरुस्ती खरी की खोटी, हे सुरांवरून ठरवता येतं. तिथं चुकायची सोय आहे. चित्राच्या बाबतीत ही सोयच मला दिसत नाही. जो तो आपल्याला वाटेल ते म्हणतो, आणि ‘प्रत्येकाचं आकलन वेगळं’ या वाक्याआड सगळे सुखरूप राहतात. ज्या विषयात कुणालाच चुकता येत नाही, त्या विषयात कुणाला काही कळतं, असं तरी कसं म्हणायचं?

रसिक : कसोटी चांगली आहे. मी ती मान्य करते आणि तिच्यावरच बोलते. फक्त गायतोंड्यांपासून सुरुवात नको. त्यांच्याकडे शेवटी येऊ. आधी अजिंठ्याला चला. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं जे सोळावं लेणं करवून घेतलं, त्यात एक चित्र आहे. एक उच्चकुलीन स्त्री आसनावर टेकून बसली आहे. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, हातापायांतलं बळ गेलेलं. मागून एक दासी तिला सावरून धरते, एकीच्या हातात पंखा आहे, एक चिंतेनं तिच्याकडे पाहते. एकोणिसाव्या शतकात या चित्राचं नाव पडलं ‘मरणासन्न राजकन्या’. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स तर त्यावर इतके लुब्ध झाले, की करुण भाव व्यक्त करण्यात हे चित्र इटलीतल्या थोर चित्रकारांनाही हार जाणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. पुढे बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आजूबाजूचे प्रसंग जुळवले आणि दाखवून दिलं, की ही बाई मरत नाहीये. ती सुंदरी आहे, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात ही कथा आहे. बुद्धाचं भिक्षापात्र हातात घेऊन नंद त्याच्या मागोमाग जातो आणि मनात नसताना त्याला भिक्षू केलं जातं. चित्रात एक सेवक खिन्न उभा आहे, त्याच्या हातात नंदाचा मुकुट आहे. नवरा परत येणार नाही, ही बातमी त्या मुकुटानं आणली आहे.

दुसरं उदाहरण पहिल्या लेण्यातलं. तिथल्या एका दरबारी प्रसंगात दाढीवाले, टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक नजराणे घेऊन आलेले दिसतात. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी इराणच्या दुसऱ्या खुस्रोच्या वकिलातीला भेटतो आहे, असं जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली ठरवलं. पुलकेशी सातव्या शतकातला. त्यामुळे लेणंही सातव्या शतकात ढकललं गेलं. आज तो प्रसंग बौद्ध कथेतला मानला जातो आणि लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. म्हणजे एका चित्राचं वाचन चुकलं आणि कालगणना दीडशे वर्षांनी सरकली. तुम्हाला हवी असलेली चुकायची सोय आणखी कशी असते?

साशंक : थांबा. ही दुरुस्ती चित्राची झाली की कथेची? पोथ्या जाणणाऱ्यांनी एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. भिंतीवरची एकही रेषा त्यामुळे हलली नाही. ग्रिफिथ्सना त्या मानेच्या कलण्यात जे दुःख दिसलं, ते आज तुम्हालाही दिसतं. मघाशी तुम्ही वर्णन केलंत तेच त्यांनीही केलं असतं. मग त्यांचं चुकलं काय? आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. कथा कळणं वेगळं आणि चित्र कळणं वेगळं, असं म्हणायचं असेल तर सुंदरीची ओळख पटणं ही वाङ्मयाच्या इतिहासातली घटना झाली, कलेच्या आकलनातली नाही. दोन्ही एकच असं म्हणायचं असेल, तर ग्रिफिथ्सना चित्र कळलंच नव्हतं, हे कबूल करावं लागेल. ज्या माणसानं वर्षानुवर्षं त्या भिंतींसमोर काढली, ज्याच्या ग्रंथामुळे अजिंठा जगासमोर गेला, त्याची सगळी तन्मयता वाया गेली म्हणायचं. पहिली वाट धरलीत तर तुमचा पुरावा हातचा जातो. दुसरी धरलीत तर ज्याला पोथी ठाऊक नाही त्यानं चित्रासमोर उभंच राहू नये, असा अर्थ होतो.

रसिक : वाटा दोनच आहेत, हे मला मान्य नाही. कथा कळली की रेषा हलत नाहीत, हे खरं. पण कोणत्या रेषांकडे आपण पाहतो, ते हलतं. ‘मरणासन्न’ या नावात त्या मुकुटाला जागाच नव्हती. राजकन्या मरते आहे, तर हा माणूस मुकुट घेऊन इथं कशाला आला? या प्रश्नाला जुन्या नावाकडे उत्तर नाही. नव्या नावाकडे आहे. आणि मुकुट काही पोथीत नाही, भिंतीवर आहे. आता त्याच नजरेनं त्या स्त्रीकडे पुन्हा पाहा. ती झिजलेली नाही, रोगानं खंगलेली नाही. ती पडून नाही, टेकून बसली आहे. अंगावर दागिने आहेत. शरीर धडधाकट आहे आणि त्यातलं बळ आत्ता, या क्षणी गेलं आहे. मरणाची शिथिलता वेगळी असते, बातमी ऐकून आलेली वेगळी. चित्रकारानं दुसरी रंगवली आहे आणि ती चित्रातच तपासता येते.

म्हणून माझा नियम असा, की वाचन ते चांगलं ज्यात चित्रातलं काही शिल्लक उरत नाही. ग्रिफिथ्सना दुःख दिसलं ते खरंच होतं. त्या दुःखाचं कारण त्यांच्या हाती लागलं नव्हतं. फर्ग्युसन यांनाही परदेशी माणसं बरोबर दिसली होती. पण त्याच लेण्याच्या छतावर तशाच पोशाखातली, हातात प्याले घेतलेली माणसं आहेत. म्हणजे अशी माणसं चित्रकारांच्या नेहमीच्या पाहण्यातली होती; त्यांच्यासाठी एखादी ऐतिहासिक वकिलातच शोधायला नको होती. डोळा खरा होता, निष्कर्ष घाईचा होता. तुम्ही ‘कळलं’ आणि ‘कळलं नाही’ असे दोनच कप्पे करता. चित्र कळतं ते तुकड्यातुकड्यानं, आणि काही तुकडे चुकीच्या जागी बसूनही खरे असतात.

साशंक : बरं, मुकुटाचं मला पटलं. पण त्यातूनच माझी दुसरी शंका निघते. माहिती मिळाल्यावर माणूस अधिक पाहतो, असं तुम्ही गृहीत धरता. प्रत्यक्षात मी उलट पाहतो. लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे गाइड ‘हा पद्मपाणी’ म्हणतो, लोक ‘अच्छा, पद्मपाणी’ म्हणतात आणि पुढे सरकतात. नाव कळलं की पाहण्याची निकड संपते. पुष्कळ पांडित्याचंही असंच आहे. आपल्याकडे चित्राची सहा अंगं सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. कामसूत्राच्या टीकेतली ही यादी कलेच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. चित्रासमोर उभा राहिला की तो सहा खुणा करतो आणि विश्लेषण झालं म्हणतो. पश्चिमेकडेही तेच. कलेतिहासकार पॅनोफ्स्कीच्या तीन पायऱ्या आहेत : आधी वस्तू आणि हावभाव ओळखा, मग कथा आणि प्रतीकं ओळखा, मग त्यांच्यामागची त्या काळाची जीवनदृष्टी सांगा. तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत चित्राकडे पाठ झालेली असते.

आणि ही भूक कुठं थांबते तेही सांगा. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेयाकडे मूर्तिकला शिकायला जातो. मार्कंडेय म्हणतो, आधी चित्र शिक. चित्रासाठी नृत्य शिक, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. ऐकायला सुंदर आहे. पण चित्रासमोर आलेल्या साध्या माणसाला यातून एवढंच कळतं, की तुझी पात्रता नाही. मग तो एकतर गप्प बसतो, नाहीतर वर सांगितलेली अनंताची भाषा शिकतो. दोन्हींत त्याचे डोळे कामाला लागत नाहीत.

रसिक : नाव ऐकून पुढे सरकणाऱ्यांबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. पण तो दोष माहितीचा नाही, ती मिळाल्यावर थांबण्याचा आहे. आणि विश्लेषण म्हणजे नावं देणं, हेच मुळात मला मान्य नाही. चित्राचं सर्वांत कसून केलेलं विश्लेषण कुणी केलं असेल, तर ते नकला करणाऱ्यांनी. ग्रिफिथ्स १८७२पासून १८८५पर्यंत जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात नकला काढत होते. १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांनी तेच केलं. लिहिणाऱ्याला ‘मुखावर करुणा विलसते’ असं लिहून सुटता येतं. नक्कल करणाऱ्याला सुटता येत नाही. पापणीची रेषा कुठं जाड होते, कुठं संपते, ती डोळ्याच्या कोपऱ्याला टेकते की अलीकडेच थांबते, हे त्याला ठरवावंच लागतं. ठरवताना चुकला तर करुणा निघून जाते आणि चेहरा पेंगुळलेला दिसतो. कागदावर ते लगेच उघडं पडतं. तुमच्या कसोटीला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

त्या नजरेनं पद्मपाणीकडे पाहा. तो भोवतालच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे. इतका, की बाकीची माणसं, माकडं, मोर हे त्याच्या सावलीत राहतात असं वाटतं. खांदे भरदार, पण कमळ धरणारी बोटं अगदी हलकी. शरीराला तीन ठिकाणी बाक आहे, आणि मुकुट एवढा भारी असूनही मान त्याच्या ओझ्यानं झुकलेली वाटत नाही; ती आपणहून झुकली आहे. अजिंठ्याच्या चेहऱ्यांत नाकाच्या दांड्यावर, ओठावर, हनुवटीवर पांढऱ्याचा हलका हात फिरवलेला असतो. सपाट भिंतीतून चेहरा पुढे येतो तो त्यामुळे. यासाठी वाद्य आणि गायन यावं लागत नाही. वेळ द्यावा लागतो. आणि तुम्ही ज्या पुराणाचं नाव घेतलंत, त्यातच असंही सांगितलं आहे, की आचार्य रेषेचं कौतुक करतात, जाणते छायाप्रकाशाचं, स्त्रिया दागिन्यांचं आणि बाकीचे लोक रंगांच्या रेलचेलीचं. बायकांना दागिन्यांपाशी बसवल्याबद्दल मी त्या ग्रंथकारावर रागावू शकते. पण कोण काय पाहतं हे सांगताना त्यानं प्रत्येकाला बोट ठेवायला चित्रात एक जागा दिली आहे, हेही खरं.

साशंक : बोट ठेवायची जागा! तिथंच तर मला थांबायचं आहे. तुम्ही ज्या भिंतीवर बोट ठेवता ती कुणाची? पद्मपाणीच्या त्या पिवळसर, मावळतीसारख्या उजेडाबद्दल किती लिहिलं गेलंय! करुणेचा रंग म्हणून त्याची वर्णनं झाली. पण १९२० ते १९२२मध्ये निजाम सरकारनं लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला आणि चित्रांवर शेलॅक म्हणजे लाखेचा थर दिला. त्याआधीच्या नकला करणाऱ्यांनीही चित्रं उठून दिसावीत म्हणून वॉर्निश फासलं होतं. हे थर काळाबरोबर पिवळे पडले. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढायला पुढे फार कष्ट पडले. म्हणजे ज्या सोनेरी उदासीवर रसिकांनी पानं भरली, तिच्यात लाखेचा वाटा किती आणि वाकाटककालीन चित्रकाराचा किती?

आणि उजेडाचं काय? भिक्षूंनी ही चित्रं तेलाच्या दिव्यात, एका वेळी हातभर दिसतील अशी पाहिली. आपण ती मोठ्या दिव्यांच्या झोतात काढलेल्या छायाचित्रात, गुळगुळीत कागदावर, एका नजरेत अख्खी पाहतो. ‘चित्रातलं काही शिल्लक उरू नये’ हा तुमचा नियम ठीक आहे, पण कुठल्या चित्रातलं?

रसिक : हा आक्षेप लागतो, आणि वर्मी लागतो. पण तो कुणाला लागतो ते पाहा. करुणेचा रंग सोनेरी असतो असं लिहिणारा तुमच्याच कसोटीनं चुकला. त्याची चूक रसायनशास्त्रानं पकडली. मूळचे रंग कुठले, हे आज सांगता येतं : तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि तशीच पांढरी माती, आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्दी दगड. चित्र ओल्या चुन्यावर नाही, भाताचा तूस वगैरे घालून केलेल्या मातीच्या गिलाव्यावर, चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेल्या रंगांनी काढलं आहे. थर ओळखणं हेही विश्लेषणच. रेम्ब्रांटचं अ‍ॅमस्टरडॅमच्या पहारेकऱ्यांचं चित्र ‘नाइट वॉच’ म्हणजे रात्रीची गस्त या नावानं प्रसिद्ध झालं, ते वॉर्निश काळवंडल्यामुळे. १९४०च्या दशकात ते साफ केलं तेव्हा दिवसाचा उजेड निघाला. नाव तेच राहिलं, पण आता ते नाव घेऊन त्या चित्राबद्दल बोलणाऱ्याला रात्रीचं गूढ सांगता येत नाही.

उजेडाबद्दल मात्र मी हात टेकते. पाचव्या शतकातल्या भिक्षूची नजर मला मिळणार नाही. मूळ चित्र नावाची वस्तू पूर्ण अशी कुठंच उरलेली नाही; भिंत आहे, थर आहेत, नकला आहेत. त्यातल्याही कितीतरी नकला लंडनमधल्या १८६६ आणि १८८५च्या आगींत गेल्या. मी जे पाहते ते अर्धं जुळवलेलं असतं. फक्त जुळवणी कुठं केली आहे, हे सांगायची तयारी ठेवली पाहिजे.

साशंक : तर मग आता गायतोंड्यांकडे या. अजिंठ्यात तुमच्या बाजूनं मुकुट होता, पोथी होती, रसायनशास्त्र होतं. इथं यातलं काय आहे? नाव नाही, कथा नाही, माणूस नाही. एक उभा कॅनव्हास, एकातून दुसऱ्यात मिसळत गेलेले रंग, मध्येच काही गूढ खुणा. इथं चुकून दाखवा.

रसिक : सहज दाखवते. कुणी म्हणालं, हे रंग ब्रशच्या आवेगी फटकाऱ्यांनी उमटले आहेत, तर तो चुकला. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत, कागदाचे फाडलेले तुकडे वापरून रंग चढवत आणि उचलत. कुणी म्हणालं, हे क्षणाच्या उत्स्फूर्ततेचं चित्र आहे, तर तोही चुकला. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. थर द्यायचा, वाट पाहायची, खरवडायचा, पुन्हा द्यायचा. साठच्या दशकातल्या चित्रांतला आडवा पट्टा पाहून पुष्कळांना समुद्र आणि क्षितिज दिसतं. ते स्वतः मात्र आग्रहानं सांगत, की माझी चित्रं कुठल्याही वस्तूपासून निघालेली नाहीत. या म्हणण्यावर विश्वास ठेवायलाच हवा असं नाही. चित्रकार म्हणतो म्हणून ते खरं, असं मी मानत नाही. पण ते तपासता येतं. क्षितिज असेल तर वरचा भाग दूरचा आणि खालचा जवळचा वाटला पाहिजे. त्यांच्या चांगल्या चित्रात तसं होत नाही. पट्टा कधी मागे जातो, कधी पुढे येतो. उजेड एका दिशेकडून येत नाही, थरांच्या मधून येतो. म्हणून क्षितिज म्हणणाऱ्याला मी सांगेन, दोन पावलं बाजूला हो आणि तुझं क्षितिज जागेवर राहतं का ते बघ. अनंत आणि मौन या शब्दांवर माझाही तुमच्याइतकाच राग आहे, आणि त्याचं कारणही हेच. ते या कामाला काहीच जोडलेले नाहीत.

साशंक : हे चांगलं सांगितलंत. पण ही गवंड्याची माहिती झाली. थर कसे दिले, काय खरवडलं, उजेड कुठून येतो, हे सगळं अचूक सांगूनही चित्र सुमार असू शकतं. गायतोंड्यांची नक्कल करणारे रोलरही फिरवतात आणि खरवडतातही. त्यांच्या चित्रांबद्दल तुमची सगळी विधानं खरी ठरतील. मग एक थोर आणि दुसरं सुमार, हे कोणत्या विधानानं ठरतं? मला शंका आहे, की जिथं खरा प्रश्न सुरू होतो तिथं तुमची तपासणी संपते.

रसिक : ती तिथं पुरावा म्हणून संपते, हे कबूल. थोरवी सिद्ध करता येत नाही. पण कारणं दाखवता येतात, आणि कारण दाखवणं म्हणजे शेवटी ‘इथं बघा’ म्हणणं. नकलेत प्रत्येक थर फक्त आधीच्यावर बसलेला असतो. चांगल्या चित्रात खालचा थर वरच्याला काहीतरी करत असतो, दाबतो, उचलतो, विरोध करतो. मी तिथं बोट ठेवते. तुम्ही पाहता. दिसलं तर माझं बोलणं कामी आलं, नाही दिसलं तर मी दुसरी जागा दाखवते किंवा मत बदलते. माझी कसोटी एवढीच : बोलणं झाल्यावर चित्रात पहिल्यापेक्षा जास्त दिसायला लागलं का?

साशंक : ही कसोटी तर पहिल्याच उदाहरणात नापास होते! ‘मरणासन्न राजकन्या’ हे नाव वाचून त्या चित्रासमोर गेलेल्यांनाही जास्त दिसलं होतं. त्यांना ओठांवर शेवटचा श्वास दिसला, दासीच्या डोळ्यांत निरोप दिसला. त्यांनीही एकमेकांना ‘इथं बघा’ म्हटलं, आणि दिसलं. जास्त दिसणं म्हणजे खरं दिसणं नव्हे. सांगणाऱ्यात जोर असेल तर ढगातही हत्ती दिसतो.

रसिक : हो, दिसतो. म्हणून एकटी ती कसोटी पुरत नाही. ‘काही शिल्लक उरू नये’ ही तिच्याबरोबर हवी. ढगातल्या हत्तीला सोंड मिळते, पण बाकीचा ढग शिल्लक उरतो. दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या की बहुतेक भोंदू बोलणं गळून पडतं.

पण आता मीच तुम्हाला एक अडचण देते. सुंदरीकडे परत चला, सगळी माहिती हाताशी धरून. बौद्ध कथेच्या दृष्टीनं तिचा शोक हा सोडून द्यायचा मोह आहे. नंदाला त्यातूनच बाहेर काढायचं आहे. विहारात राहणारा भिक्षू हे चित्र पाहील, तेव्हा आपण मागे काय टाकून आलो ते त्याला आठवेल आणि त्याचा निश्चय बळकट होईल. या वाचनात मुकुट बसतो, दासी बसते, लेण्याचं प्रयोजन बसतं. काहीही शिल्लक उरत नाही. दुसरं वाचन असं, की चित्रकारानं आपली सगळी माया त्या कललेल्या मानेवर खर्च केली आहे. धर्माचा विजय सांगायला बसलेल्या माणसाच्या हातून, ज्यांना त्या विजयाची किंमत मोजावी लागली त्यांचं चित्र झालं. या वाचनातही मुकुट बसतो, दासी बसते. शिवाय ग्रिफिथ्सपासून आजपर्यंत सगळे तिच्यापाशीच का थबकतात, तेही बसतं. हेही वाचन काही शिल्लक ठेवत नाही. दोन्ही वाचनांनी जास्त दिसतं. आणि दोन्ही एकदम मनात धरणं मला तरी जमत नाही. एकात तिचा शोक ओलांडून जायचा आहे, दुसऱ्यात त्याच्यापाशी थांबायचं आहे.

साशंक : दुसरं वाचन आजचं आहे, असं मी म्हणेन. घर सोडून गेलेल्या पुरुषापेक्षा मागे राहिलेल्या बाईची बाजू घेणं, ही आपल्या काळाची सवय आहे. ती तुम्ही पाचव्या शतकावर लादता, जशी फर्ग्युसन यांनी पुलकेशीची वकिलात लादली.

रसिक : तसं असेलही. पण फर्ग्युसन यांची चूक दाखवायला छतावरचे प्याले घेतलेले परदेशी होते. माझी चूक दाखवायला भिंतीवर काय आहे? ‘त्या काळात असं कुणी विचार करत नव्हतं’ हे उत्तर चालणार नाही. अश्वघोषानंही सुंदरीच्या विलापाला एक अख्खा सर्ग दिला आहे. धर्म सांगणाऱ्या कवीनं एवढी जागा कशाला दिली? तेव्हाही हा पेच कुणाला तरी जाणवत होता.

साशंक : मग माझी शंका थोडी बदलून घेतो. चित्राबद्दल चुकता येतं, हे तुम्ही दाखवलंत. ती सोय आहे आणि ती बरीच दूरपर्यंत नेते. शेवटच्या श्वासाचं वाचन ती बाद करते, लाखेचा सोनेरी उजेड बाद करते, रात्रीची गस्त आणि समुद्राचं क्षितिजही बाद करते. पण सगळं चूक काढून टाकल्यावर एकच बरोबर उरेल, असं तुम्ही दाखवलेलं नाही. उरतात ती दोन, आणि दोन्ही भिंतीशी प्रामाणिक. त्यांतून निवड करताना आपण चित्राबद्दल बोलतो की आपल्याबद्दल?

रसिक : आपल्याबद्दलच बोलत असू तर भिंतीकडे परत जायची गरज पडू नये. मला ती प्रत्येक वेळी पडते.

साशंक : गरज पडते हा तुमच्या बाजूचा पुरावा. परत जाऊनही निकाल लागत नाही, हा माझ्या बाजूचा.